मामादूच्या आईला फोन

गेल्या शुक्रवारी दुपारी धामणकर नाक्याजवळच्या एका खोलीत मी गेलेल्या माणसाचा मोबाइल हातात धरून बसलो होतो. तो एकदा वाजायचा आणि बंद पडायचा... मिस्ड कॉल.

मोबाइल मामादूचा. गिनी-बिसाऊ नावाच्या देशाचा माणूस, आमच्या गोडाऊनमधून कापडाच्या गाठी घ्यायला यायचा. आला की दोन-तीन महिने या खोलीच्या मालकीणबाई, आम्ही सगळे त्यांना खाला म्हणतो, त्यांच्याकडे भाड्याने राहायचा. आदल्या दिवशी मलेरियाने हॉस्पिटलमध्ये वारला.

मिस्ड कॉल कोणाचा, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. दर शुक्रवारी त्याची आई असाच कॉल द्यायची आणि तो नमाजनंतर बूथवर जाऊन तिला फोन करायचा.

गोडाऊनचे सेठ पोलीस स्टेशनला कागदांच्या मागे होते. जाताना स्वतःचा मोबाइल माझ्या हातात ठेवून म्हणाले, "तू पढ़ा-लिखा है, घरवालों को तू बता. पूछ लेना, मिट्टी यहाँ दें या भेजना है." मी बारावी नापास आहे, पण गोडाऊनमध्ये तेवढं पुरतं.

 आपल्या तोंडून काही चुकीचं गेलं तर? तरी नंबर जुळवला, तीनदा तपासला आणि लावला.

"हॅलो मॅडम..." एवढंच बोललो. पलीकडून एक म्हातारी बाई भराभर काहीतरी बोलली आणि चक्क हसली. तिला वाटलं असावं, पोराचा कोणी दोस्त मस्करी करतोय. मी फोन कट केला.

मग धावत सायबर कॅफेत गेलो. देशाचं नाव स्पेलिंग नीट बघून टाकलं. वरच लिहिलं होतं, राजभाषा पोर्तुगीज. एवढं वाचलं आणि उठलो.

कल्याणला सेठच्या ओळखीचे एक गोव्याचे अंकल राहतात, लहानपणी पोर्तुगीज शाळेत शिकलेले. बिचारे भर उन्हात रिक्षाने आले. खालांच्या हातचं पाणी प्यायले, काय बोलायचं ते मनाशी घोळवलं. मी पुन्हा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

अंकल फार हळू, फार अदबीने बोलले. पलीकडून उत्तर आलं ते एकच... "मामादू?" अंकल पुन्हा बोलले. पुन्हा, "मामादू? मामादू?" आता ती हसत नव्हती.

अंकलनी फोनवर हात ठेवला. "अरे बाबा, ही बाई पोर्तुगीज बोलत नाय. एक शब्द कळला नाय तिला."

"पण अंकल, नेटवर तर तीच भाषा लिहिलीय..."

"नेटवर इंडियाची काय लिवलीय? जा, तुझ्या आईशी इंग्लिश बोलून ये."

माझी आई दिघाशी गावची. तिच्या तोंडी हाय-न्हाय. शाळेतलं मराठी बोललो तरी म्हणते, "कनाला सायबासारका बोलतंस?"

आणि तेव्हा मला आठवलं. आमच्या हमालाने एकदा मामादूला विचारलं होतं, "भाईजान, आपके मुलुक में भी जात-पात है का?" तो मोठ्याने हसला होता. "बहोत! फुला, बालांटा, मांडिंगा, मांजाकु, पापेल... हम फुला." मी शेजारी उभा राहून ऐकलं होतं. मला वाटलं, जाती असतील. आपल्याकडे आगरी, कोळी, वारली असतात तसं. त्या प्रत्येकाची भाषाच वेगळी असेल, हे डोक्यातही आलं नाही.

फोनमधून आवाज येतच होता. "मामादू? मामादू?"

खाला इतका वेळ दाराशी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. "माँ है वो. ऐसे लटका के मत रख, बेटा." मी म्हणालो, "खाला, पण बोलणार कोणत्या भाषेत?"

त्या फोनजवळ वाकल्या, मामादूचं नाव घेतलं आणि कोणी गेल्याचं कळलं की मुसलमान माणसाच्या तोंडून जे अरबी वाक्य निघतं, ते म्हणाल्या. लूमच्या कारखान्यात मी ते कितीदा ऐकलंय. कोणाच्या गावाहून फोन आला की एक जण म्हणतो, मग सगळे म्हणतात.



पलीकडून तेच वाक्य परत आलं. शब्द तेच, उच्चार थोडे वेगळे. तिने ते पूर्ण म्हटलं, शेवटपर्यंत... आणि मग जो आवाज आला तो मला इथे लिहिता येणार नाही.

खाला जमिनीवर बसल्या आणि फोन मांडीवर घेऊन रडू लागल्या. दोन्हीकडून रडणं चालू होतं. अंकल खिडकीबाहेर बघत होते. मी काय करावं ते न कळून मामादूची चप्पल भिंतीला सरळ लावून ठेवली.

बऱ्याच वेळाने पलीकडे एक तरुण माणूस आला, शेजारचा कोणी असावा. त्याला पोर्तुगीज येत होतं. अंकलनी त्याला सगळं सांगितलं, त्याने तिला विचारून सांगितलं, मिट्टी तिथेच द्या. कागद झाल्यावर आम्ही त्याला इथेच दफन केलं.

काल पुन्हा कॅफेत बसून ते पान खालपर्यंत वाचलं. सगळे मिळून जेमतेम पंधरा लाख लोक, आपल्या ठाणे जिल्ह्यापेक्षा कितीतरी कमी. त्यात वीसेक जमाती. फुला आणि बालांटा सगळ्यात मोठ्या. बाजारात क्रिओल नावाची मिसळलेली बोली, घरात ज्याची त्याची भाषा, आणि पोर्तुगीज थोड्याच लोकांना येते. आता मला सगळं पाठ आहे.

खाला, तुमचे आभार कसे मानू ते कळत नाही. त्या दिवशी तुम्ही नसता तर मी तो फोन पुन्हा कट केला असता.

एक गोष्ट मात्र राहून गेली. त्या बाईचं नाव काय, हे आमच्यापैकी कोणीच विचारलं नाही.