नेलपेंटच्या सोळा रेघा

विजयादशमीला आमच्या बजाजनगरच्या गल्लीत सगळे गाड्या धुतात, हार घालतात, चाकाखाली लिंबं ठेवतात. आमचे पप्पा जॅक ठेवायचे. सकाळी घरात बुद्धवंदना झाली, की पांढरा शर्ट खुंटीला अडकवून, जुनं बनियन चढवून ते गाडीशी उकिडवे बसत. पुढची चाकं मागं, मागची पुढं, तीही डावी-उजवी पालटून. मग पुन्हा आंघोळ, पुन्हा पांढरा शर्ट, आणि आम्ही सगळे लेण्यांवर.

पप्पा वाळूजच्या एका कंपनीत एकतीस वर्षं मेंटेनन्सला होते. रिटायर झाल्यावर कंपनी सुटली, मेंटेनन्स सुटला नाही. गादीची डोक्याकडची बाजू दर महिन्याला पायाकडे जायची. जेवणाच्या खुर्च्या जागा बदलायच्या, कारण रोज तीच खुर्ची खचू नये. आई म्हणायची, "मला तेवढं जाग्यावर ठेवलंय, उपकारच म्हणायचे." कंपनीतली त्यांची एक गोष्ट आम्हाला पाठ होती. साहेबानं घाई केली तरी न तपासलेल्या मशीनच्या कागदावर त्यांनी सही केली नव्हती, आणि त्यापायी त्यांचं प्रमोशन अडकलं होतं. ही गोष्ट ते जेवताना सांगत, म्हणजे कुणाला उठून जाता येत नसे.

टायरवरून आमचं दरवर्षी वाजायचं. मी कामाला कंपनीच्या बसनं जातो. गाडी निघणार ती महिन्यातून एकदा बायकोच्या माहेरी, पिशोरला, नाहीतर वैजापूरला आत्याकडे. एवढ्यासाठी सोळा नट खोलायचे?

"पुढची चाकं लई राबतात," पप्पा सांगत. "वळायचं त्यांनीच, वढायचं त्यांनीच. मागच्यांनी नुसतं मागं यायचं. सारखी कशी झिजतील?"

माणूस युनियनमध्ये मुरलेला, त्यामुळे चाकांवरचा अन्यायही त्यांना सहन होत नव्हता. मी इंटरनेटवरून दोन्ही बाजूंची मतं वाचून दाखवली. त्यातली माझ्या बाजूची त्यांनी ऐकली नाहीत.

आणखी एक खोड होती. नट आवळला, की नटावरून चाकाच्या पत्र्यावर ते एक सरळ रेघ ओढत. कंपनीत यासाठी पिवळा रंग असायचा. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते, आणि लांबूनच कळतं. घरी पिवळा रंग कुठला? आईनं माझ्या लग्नात घेतलेली मरून नेलपेंट होती, ती या कामाला लागली. आईच्या नखांना ती एकदाच लागली, चाकांना दरवर्षी. चाकांवरची झाकणं कधीच कुठंतरी पडून गेली होती, त्यामुळे आमच्या गाडीचा हा शृंगार अख्खी गल्ली बघायची.

मग एका वर्षी पप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. खाली बसायचं बंद. विजयादशमीला ते अंगणात खुर्ची टाकून गाडीकडे बघत राहिले. मला ते बघवेना, म्हणून मी शनिवारी गॅरेजमधून काम करून आणायचं कबूल केलं. रविवारी आम्हा सगळ्यांना पिशोरला जायचंच होतं. मेव्हण्याच्या नव्या घरात वंदना होती, अकरा वाजता भन्तेजी येणार होते, आणि बायको म्हणजे घरातली थोरली लेक.

शनिवारी मी गाडी घेऊन निघालो आणि एका हॉटेलात दोन चहा, एक प्लेट भजी आणि एक अख्खा पेपर संपवला. एक वर्ष चाकं तिथंच राहिली तर काय आभाळ कोसळणार होतं? दीड तासानं घरी आलो. पप्पांनी विचारलं, "झालं?" मी म्हणालो, "झालं." इतकं सोपं होतं, की मला स्वतःचं कौतुकच वाटलं.

रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आलो, तर पप्पा गाडीच्या पुढ्यात खुर्ची टाकून बसलेले. त्यांना उठवल्याशिवाय गाडी निघणं शक्य नव्हतं. बायको आत लेकीच्या वेण्या घालत होती.

"काल नट खोलले व्हते?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"हो."

"समदे?"

"सोळाच्या सोळा."

त्यांनी काठीचं टोक पुढच्या चाकाला लावलं. "मग ही रेघ? गॅरेजवाल्याकडं पण तुझ्या आईचीच नेलपेंट हाय व्हय?"

सोळाही रेघा जिथल्या तिथं होत्या, एकही तुटलेली नाही. मी चाळिशी ओलांडलेला माणूस, पण माझे कान शाळेतल्यासारखे तापले.

"जॅक काढ," ते म्हणाले.

मी पँट वर दुमडली. डावीकडचं पुढचं चाक काढून आडवं केलं आणि माझा हात तसाच राहिला. टायरच्या आतल्या अंगाला, बाहेरून कधीच दिसली नसती अशा जागी, कैरीएवढी फुगी आली होती. कुठल्या तरी खड्ड्याचा प्रसाद. पिशोरच्या रस्त्यावर या टायरवर मी गाडी दामटणार होतो आणि मागच्या सीटवर लेक बसणार होती. पप्पांनी काठीनं डिकीतली स्टेपनी दाखवली.

तेवढ्यात बायको डबा घेऊन बाहेर आली. माझे काळे हात बघितले, फुगी बघितली. "काल गॅरेजला नेली होती ना? त्यांना हे दिसलं नाही?"

मी उगाचच पाना पुसायला घेतला.

"गॅरेजवाल्यानं कच्चं काम केलं," पप्पा म्हणाले. "मीच म्हणलं, परत खोल." हे सांगताना ते तिच्याकडे बघत नव्हते, माझ्याकडेही नाही. ते पान्याकडे बघत होते.

आम्ही पोचलो तेव्हा वंदना संपून जेवणं सुरू झाली होती. बायकोनं उशिराचं कारण सगळ्या पाहुण्यांना सांगितलं, आणि सासऱ्यांपासून मेव्हण्यापर्यंत प्रत्येकानं त्या गॅरेजचा पत्ता मागितला, चुकूनही तिथं जाऊ नये म्हणून. मी म्हणालो, "ते आता बंद पडलंय." पप्पा खाली मान घालून वरण-भात कालवत राहिले.

परत आल्यावर, उजेड होता तोवर मी उरलेली चाकंही फिरवली. आईनं नेलपेंट आणून दिली. पप्पा खुर्ची सरकवत सरकवत प्रत्येक नट बघत होते. शेवटची रेघ तिरकी आली, ती त्यांनी पुसायला लावली.

पुसता पुसता मी म्हणालो, "पप्पा, तुम्ही आज माझ्यासाठी खोटं बोललात."

"व्हय," ते म्हणाले. "एकदा केली सही. परत मागू नको."