मी सांगितलेला पावशा

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मी नव्या कलेक्टर कचेरीत कारकून म्हणून चिकटलो होतो. दर शनिवारी एस्टीनं निलंग्याला घरी यायचो. गल्लीत मला एकदम भाव आला होता. रेशनकार्डापासून पोटदुखीपर्यंत लोक मलाच विचारत, आणि मीही माहीत नसलेल्या गोष्टी ठोकून द्यायला शिकलो होतो.

त्या साली मृग कोरडा गेला, आर्द्राही कोरड्याच चालल्या होत्या. एका रविवारी माझी आई, अव्वा, टँकरचं पाणी घेऊन आली, तर अंगणात एक पाखरू पडलेलं. विजेच्या तारेला धडकलं असावं. राखाडी पाठ, छातीवर तांबूस पट्टे, पिवळे डोळे, डावा पंख लोंबलेला. मागून येणाऱ्या बायका घागरींसकट तिथंच थांबल्या.

"कंचं पाखरू हाय रे?" अव्वानं विचारलं.

"पावशा," मी सांगून टाकलं. शाळेतल्या तक्त्यावर पावशाचं चित्र पाहिलं होतं, तेवढाच आधार.

पाऊस सांगणारं पाखरू दारात आलं म्हटल्यावर बायकांचे चेहरेच पालटले. कुणीतरी हळदकुंकू घेऊन आली. अव्वानं टोपलीत चिंध्या अंथरल्या, दूधभात कालवला, हरभऱ्याची डाळ भिजवली. आमच्या लिंगायत घरात अंडंसुद्धा येत नसे. पाखरू तोंड फिरवी, तशी ती बोटानं चोच उघडून घास आत सारी. कितीतरी दिवसांत तिला इतकं खुशीत पाहिलं नव्हतं.

दुपारी शेजारचे शिंपीचाचा आले. ते कबुतरं पाळायचे. टोपलीत वाकून बघितलं आणि मला बाजूला घेतलं.

"शिकरा हाय बेटा. पावशाची दोन बोटं पुढं, दोन मागं राहतात. ह्याची पुढं तीन हायेत, नखं बघ कशी. असल्यानंच माझी कबुतरं नेली. ह्याला गोश्त पायजे, दूधभातानं मरून जाईल. माझ्याकडं दे, जगवतो मी."

मी जाऊन बोटं मोजली. पुढं तीनच होती. पण ओसरीवर बायका बसलेल्या, आणि आमच्या दुकानात अप्पा गिऱ्हाइकांना सांगत होते, आमच्या पोरानं बघताक्षणी ओळखलं म्हणून. चाचांना मी "बघतो" म्हणालो. अव्वाचा जीव दुखवायचा नाही, अशी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे मला माझी फजिती नको होती. सोमवारी सकाळच्या गाडीनं मी लातूरला निघून गेलो.

पुढच्या शनिवारी आलो तेव्हा टोपली रिकामी होती.

"बुधवारीच गेलं," अव्वा म्हणाली. "शेवटाला हातात नुसती हाडं लागत होती. चोचीत डाळ तशीच. काल चाचा म्हणले, शिकरा होता, त्याला मटण लागत होतं. म्या मारलं रे त्याला, उपाशी. आधी कळलं असतं तर म्याच टोपली उचलून त्यांच्या घरी ठिवली असती. त्यात काय होतं? पर तुला तरी कुठं ठाऊक होतं."

चाचांनी माझं नाव घेतलं नव्हतं.

"न्हाई," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि मला जेवायला वाढलं.