काळभोरबाईंचे पाठकोरे

काळभोरबाईंच्या हातात कुठलाही कागद आला की त्या तो आधी उलटा करत. लग्नाची पत्रिका असो, कँटीनचं कुपन असो की पगाराची स्लिप, आधी पाठ बघायची आणि मग तोंड. चाकणच्या आमच्या कंपनीत मी खरेदी खात्यात लागले तेव्हा पहिल्याच दिवशी माझं नेमणुकीचं पत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते पालथं घातलं, कोरी बाजू नीट न्याहाळली आणि म्हणाल्या, "मागं काय न्हाई. बरं हाय. आता म्होरलं वाचते." मला वाटलं, बाई जरा सटकलेली दिसतेय.

त्या कंपनीच्या रेकॉर्ड रूमच्या प्रमुख होत्या. प्रमुख म्हणजे तिथे दुसरं कुणी नव्हतंच. प्रथमोपचाराच्या खोलीमागे सहा लोखंडी कपाटं, काच घातलेलं एक टेबल आणि बाई. अंबाड्यात खोचलेली पेन्सिल, गळ्यात दोरीने लटकणारा चष्मा. माहेर-सासर दोन्ही आकुर्डी गावठाणातलं. "आमच्या शेतात कारखाने आले, मंग मी कारखान्यात आले," असं त्या अगदी सहज सांगत, त्यात ना दुःख ना अभिमान. मॅट्रिक झालेल्या, बोलणं शेवटपर्यंत गावचं. पण आठ वर्षांपूर्वीचं एखादं चलन मागितलं तर चहा निवायच्या आत काढून देत.

कागद उलटा करण्यामागे कारण होतं, ते मला उशिरा कळलं. आमच्या शॉप फ्लोअरवर, म्हणजे यंत्रं चालतात तिथे, नवा कागद सहसा कुणी वापरत नसे. जुन्या उत्पादनाच्या तक्त्यांची मागची बाजू कोरी असते, तिच्यावरच सगळ्या चिठ्ठ्या लिहिल्या जात. आमच्याकडे त्यांना पाठकोरे म्हणत. एका बाजूला छापील तक्ता, दुसऱ्या बाजूला कुणी कुणाला लिहिलेला निरोप. या शिफ्टच्या फोरमनने पुढच्या शिफ्टला काय सांगितलं, ते सगळं पाठकोऱ्यांवर. आठवड्याच्या शेवटी हा ढीग बाईंकडे येई आणि त्या एकेक कागद बघून ठेवायचा की रद्दीत टाकायचा ते ठरवत. "कागदाला दोन तोंडं असत्यात," त्या म्हणत. "एक सायबाला दाखवायचं आन एक खरं."

मला या सगळ्यात काडीचा रस नव्हता. मी लातूरहून आलेली, निगडीत दोन मैत्रिणींबरोबर राहणारी, प्रोबेशनवर असलेली आणि कामाचा उरक दाखवायला उतावीळ झालेली मुलगी होते. अशात मला एक काम मिळालं. एचआर विभागाला कागद बारीक करायचं यंत्र, म्हणजे श्रेडर घ्यायचा होता, आणि आमच्या मोठ्या साहेबांना घरासाठीही एक हवा होता. विक्रेत्याने दोन नमुने आणून ठेवले. मी दोन्ही चालवून तुलना करायची आणि अहवाल द्यायचा.

घरगुती यंत्र छोटं, कागदाच्या उभ्या लांब पट्ट्या काढणारं. एका वेळी पाच-सहा कागद खायचं, दोन मिनिटांत तापायचं आणि मग अर्धा तास रुसून बसायचं. ऑफिसचं यंत्र कमरेएवढं उंच, आडवे-उभे कापून पोह्यांएवढे तुकडे करणारं. पंधरा कागद, वर स्टेपलरच्या पिनाही गिळायचं आणि आवाज इतका की शेजारच्या खोलीतून लोक डोकावायचे. मी वहीत रकाने आखले. अडकतं किती वेळा, डबा किती वेळात भरतो, पट्टी किती रुंद. फक्त कापायला कागद हवे होते.

तो बुधवार होता. काळभोरबाई पुतणीच्या साखरपुड्याला गेल्या होत्या. रेकॉर्ड रूमच्या टेबलावर एक गठ्ठा होता. वरचे कागद मी चाळले. जुने उत्पादनाचे तक्ते, दोन वर्षांपूर्वीचे. छापील बाजू वर होती. मी गठ्ठा उचलला, अर्धा या यंत्रात घातला, अर्धा त्या यंत्रात, आणि झकास अहवाल लिहून काढला. दुसऱ्या दिवशी गुरुवार, आमच्या पट्ट्यातली कारखान्यांची सुट्टी.

शुक्रवारी सकाळी मी चहाचा कप घेऊन तिकडून जात होते, तेव्हा बाई टेबलाशी उभ्या दिसल्या. "हितं गठ्ठा व्हता. कुणी हलवला का?" त्यांनी विचारलं. मी चहाचा घोट घेतला. तेवढ्यात मागून अंगद आला.

अंगद प्रेस शॉपमधला, म्हणजे पत्रा दाबून घडवणाऱ्या यंत्रावरचा कामगार. तीन आठवड्यांपूर्वी प्रेसखाली त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. प्रेससमोर हात आत जाऊ नये म्हणून लोखंडी जाळी असते. ती त्या दिवशी नव्हती. फोरमनचं म्हणणं, काम भराभर व्हावं म्हणून अंगदनेच ती काढली. तसं ठरलं तर नोकरी जाणार आणि वर बोटं स्वतःच्या चुकीने गेली असा शिक्का बसणार. चौकशी शनिवारी अकराला होती. अंगद माझ्याच जिल्ह्यातला, म्हणून माझ्याकडे बघून थोडा हसला आणि बाईंना म्हणाला, "चिठ्ठी हाय न्हवं मॅडम? उद्या बोलावलंय."

"हाय," बाई म्हणाल्या. "तू जा, औषध घे."

त्यांचे दोन्ही हात मोकळे होते. अंगद गेला. मग त्या माझ्याकडे वळून शांतपणे सांगू लागल्या. अपघाताच्या आदल्या दिवशी फोरमनने स्वतः पुढच्या शिफ्टला चिठ्ठी लिहिली होती, लाल पेनने. जाळी दुरुस्तीला दिली आहे, माल अर्जंट आहे, जाळीशिवाय चालवा. खाली सही. ती पाठकोऱ्यावर होती. मंगळवारी संध्याकाळी साठलेल्या गठ्ठ्यात सापडली. बस सुटायची वेळ झाली होती, म्हणून त्यांनी अंगदला फोनवर तेवढं कळवलं, चिठ्ठी गठ्ठ्यातच ठेवली, आणि बुधवार रजेचा. "चूक माजी हाय," त्या म्हणाल्या. "कपाटात घालाया पायजे व्हती."

त्यांनी चूक स्वतःवर घेतली नसती तर मी गप्प बसले असते, हे मला आज कबूल करायला हवं. कुणी पाहिलं नव्हतं. प्रोबेशनचा एकच महिना उरला होता. पण त्या वाक्यानंतर गप्प राहणं मला जमेना.

"बाई, तो गठ्ठा मी कापला," मी म्हणाले.

त्या रागावतील, रडतील, साहेबांकडे जातील असं काय काय माझ्या मनात आलं. त्यांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि एवढंच विचारलं, "कुठल्या मशिनीत?"

मला सांगता येईना. माझ्या वहीत सगळं होतं, किती कागद, किती सेकंद, किती अडकाअडकी. कुठला कागद कुठे गेला तेवढं नव्हतं. आम्ही दोघी खरेदी विभागाच्या कोपऱ्यात गेलो. मी आधी मोठ्या यंत्राचा डबा ओढला. आत नुसता भुगा. आणि त्या भुग्यात लाल ठिपके दिसले. मी तिथेच फरशीवर बसले.

बाईंनी बोट ओलं करून एक लाल तुकडा उचलला, या बाजूने पाहिला, त्या बाजूने पाहिला. दुसरा उचलला. तिसरा. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांच्या तोंडावर काहीच दिसत नव्हतं. "शिक्का हाय हा," त्या शेवटी म्हणाल्या. "इन्स्पेक्शनचा. पेन न्हवं. ती बारकी उघड."

छोट्या यंत्राच्या डब्यात लांब पट्ट्यांचा गुंता होता. मी हात घालणार तोच त्यांनी माझं मनगट धरलं. डबा तसाच उचलून रेकॉर्ड रूममध्ये नेला, पंखा बंद केला आणि दाराला आतून कडी लावली. लाल रेघ असलेली पट्टी दिसली की बाजूला ठेवायची. दुपारच्या जेवणापर्यंत बत्तीस पट्ट्या निघाल्या. आता त्या जोडायच्या कशा? मी लाल अक्षरांचे तुकडे जुळवायला बसले आणि तासभर घोळ घालत राहिले. फोरमनचं अक्षर दिव्य, त्यात एका पट्टीवर अर्धी वेलांटी आणि दुसरीवर पाव काना.

"अक्षराकडं बघू नगंस," बाई म्हणाल्या. "पालथ्या घाल समद्या. म्होरं तक्ता छापलाय ना? त्याच्या रेघा जुळव."

ज्या छापील बाजूमुळे मी फसले होते तीच आता कामी आली. तक्त्याची डोकी, तारखा, आडव्या रेघा. बाई काचेवर पट्टी सरकवायच्या आणि मी चिकटपट्टी लावायची. घामाचा थेंब पडू नये म्हणून त्यांनी कपाळाला पदर बांधला होता. मध्येच कुणी दार वाजवलं की आम्ही दोघी श्वास धरून बसायचो. चार वाजता लक्षात आलं, दोन पट्ट्या कमी आहेत, आणि त्यातली एक नेमकी सहीची.

मी धावत जाऊन छोटं यंत्र पालथं घातलं. ते दोनदा अडकलं होतं हे माझ्याच वहीत होतं. प्रथमोपचाराच्या खोलीतला चिमटा घेऊन पात्यांमध्ये घातला आणि चुरगळलेली एक पट्टी ओढून काढली. तिच्यावर सहीचं शेपूट होतं. दुसरी पट्टी शेवटपर्यंत मिळाली नाही. बाईंनी तिच्या रुंदीएवढी फट तशीच सोडली, मग सगळा कागद दोन हातांनी अलगद उलटा केला. लाल अक्षरं सलग उभी राहिली. प्रत्येक ओळीत एक अक्षर नव्हतं, पण मजकूर स्पष्ट वाचता येत होता. मला हुंदका फुटला. बाई म्हणाल्या, "रडू नगंस मनीषा, भिजंल."

मग त्यांनी एक नवा कागद काढला, सवयीने उलटसुलट केला आणि माझ्यासमोर ठेवला. "उद्या म्हणत्याल, ही पट्ट्या जोडून केलेली बनवाबनवी हाय. कापला कुणी आन कसा, ते लिहिलेलं लागंल. दोन्ही बाजू कोऱ्या हायत. लिवायचं का न्हाई ते तू ठरव. मी काय बोलणार न्हाई."

आणि खरोखर बोलल्या नाहीत. कपाटाकडे तोंड करून फायली लावत बसल्या. सहाच्या बसचा भोंगा वाजला तेव्हा मी तीन ओळी लिहून खाली सही केली.

शनिवारी तसंच झालं. एचआरचे साहेब तो चिकटपट्टीचा कागद बोटाने ढकलत म्हणाले, "असं काहीही जोडून आणता येईल."

"व्हय, आणता यील," बाई म्हणाल्या. "म्हणून जिनं कापला तिचंच लिवून आणलंय. ती भाईर बसलीय."

मला आत बोलावलं. काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की तो कागद फोरमनपुढे सरकवला गेला. त्याने तो बराच वेळ पाहिला. अंगद समोरच बसला होता, पट्टी बांधलेला हात मांडीवर. फोरमनने टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "अक्षर माझंच आहे." अंगदने बरा हात डोळ्यांवर धरला.

अंगदची नोकरी राहिली. पुढे त्याला स्टोअरमध्ये घेतलं. आणि मला आठ दिवसांनी इंग्रजीतला मेमो मिळाला, बेजबाबदार वर्तनाबद्दल, तीन महिने प्रोबेशन वाढवून. त्याची प्रत फायलीला लावायला मी स्वतः बाईंकडे नेली. त्यांनी ती उलटी केली. "मागं काय न्हाई," त्या म्हणाल्या. "ठेवते मी जागेवर." बाईंनी कागद जागेवर ठेवला नाही असं कधी झालं नव्हतं. त्यामुळे पुढे दरवर्षी बढतीची वेळ आली की तो मेमो निघणार म्हणून माझा जीव टांगणीला लागे. तो कधीच निघाला नाही. मला वाटे, साहेब लोक मनाने मोठे आहेत.

बाई निवृत्त झाल्या आणि त्यांची जागा मला मिळाली. रेकॉर्ड रूमच्या किल्ल्या माझ्या हातात देताना म्हणाल्या, "घाई करू नगंस, म्हंजे झालं." गेल्या वर्षी त्या गेल्या. महिन्याभराने त्यांच्या सुनेचा फोन आला. घरात जुन्या कागदांची पिशवी आहे, बँकेचे, आधारच्या झेरॉक्सचे. असेच फेकवत नाहीत. "आई म्हणायच्या, मशिनीचं काही असलं तर मनीषाला विचार. घरासाठी कुठली बरी?"

पोह्यांएवढे तुकडे करणारी जास्त सुरक्षित, हे मी झोपेतही सांगीन. पण माझ्या घरी उभ्या पट्ट्यांचीच आहे. तीच घेऊन मी आकुर्डीला गेले. सून कागद देत होती, मी उलटसुलट करून यंत्रात सोडत होते. एका कागदावर किराण्याची यादी होती, बाईंच्या पेन्सिलीने लिहिलेली. गूळ, पोहे, चिकटपट्टी एक. मी तो उलटला. मागे माझा मेमो होता.

सून म्हणाली, "काय झालं? अडकलं का?" यंत्र रिकामंच घरघरत होतं. शेवटी तिनेच ते बंद केलं.

दुसऱ्या दिवशी मी रेकॉर्ड रूम उघडली आणि चौथ्या कपाटातून माझी फाईल पहिल्यांदाच काढली. काळभोरबाईंनी नोकरीत एकच कागद चुकीच्या जागी ठेवला होता. तो मी जागेवर लावला, किराण्याची बाजू वर करून.