आटे ताईंनी घालवले नव्हते

सोमवारच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की लाइनवरच्या एक ताई फार जोर लावतात, म्हणून स्क्रूचे आटे जातात. ते चुकीचं होतं. चूक माझी आहे.

आज त्यांच्या ट्रेमधला, नव्या मालातला एक स्क्रू आणि जुन्या मालातला एक, असे दोन एकमेकांना लावून उजेडात धरले. लहानपणी बाबांनी लेथ मशीनजवळ उभं करून हेच शिकवलं होतं. जाडी आणि डोकं सारखंच, पण आटे जुळेनात. नव्या स्क्रूचे आटे बारीक होते. ते आमच्या पार्टच्या भोकात जोर लावल्याशिवाय बसणारच नाहीत. त्या नव्या मालावर तपासणीची सही माझी होती. मी फक्त जाडी मोजली होती.

ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी तवाच म्हनले व्हते, मॅडम, स्क्रूच येगळा लागतोय. तुमी म्हनला, हात हलका ठेवा. आता ठेकेदार म्हनतो, एक तारखेपासून येऊ नका."

तोवर आमच्या विभागाचे साहेब घरी निघून गेले होते. उद्या गुरुवार, कंपनीला सुट्टी.

अशी कबुली तुम्ही कधी दिली आहे का? मला भीती वाटतेय. पण साहेबांना आणि ठेकेदाराला मी लेखी देणार आहे, परवा शुक्रवारी, पहिली शिफ्ट सुरू व्हायच्या आधी.