युनूसच्या व्हॅनचे ब्रेकशू

पौडचा युनूस उरवड्याच्या कारखान्यात जाणाऱ्या बायकांची ने-आण करायचा. व्हॅन त्याची आणि निरंजनची, भागीदारीतली. दोघं शाळेपासूनचे दोस्त. गाडी चालवायची युनूसनं आणि दुरुस्ती बघायची निरंजनच्या गॅरेजनं, असं ठरलेलं. हँडब्रेक धरेनासा झाला तेव्हा युनूसनं गाडी त्याच्याच हवाली केली.

संध्याकाळी निरंजननं ती आणून दिली. "नवे ब्रेकशू टाकलेत. आता डोंगरावर लाव, हलायची न्हाई."

युनूसनं हँडब्रेकची दांडी ओढून पाहिली. चांगली घट्ट लागली.

पुढच्याच आठवड्यात कारखान्याच्या चढावर त्यानं गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि मागचं दार उघडायला उतरला. कारखान्यातली गंगूबाई उतरत असतानाच गाडी मागं घरंगळली. गंगूबाई पडली, तिचा घोटा मोडला. गाडी कुंपणाला जाऊन अडकली.

माणसं जमली. "ब्रेक न्हाई का रं लावला?"

"लावला व्हता! आईशप्पत लावला व्हता!"

तेवढ्यात खबर लागून निरंजन आला. युनूसला धीर आला. पण निरंजन सगळ्यांदेखत म्हणाला, "शू नवे हायेत. ह्यानंच घाईत ओढला नसंल."

इतक्या जुन्या मित्रानं असं म्हटल्यावर युनूसला स्वतःचीच शंका येऊ लागली. कारखान्यानं दुसरी गाडी लावली.

शेवटी त्यानं अंगणात पुढच्या चाकांना दगड लावले, मागची चाकं काढली आणि ब्रेकचे ड्रम ठोकून सोडवले. आत जुनेच शू होते. त्यांच्यावरचे, ड्रमला घासून चाक अडवणारे लायनर कागदासारखे झिजलेले. निरंजननं नुसती हँडब्रेकची केबल ताणली होती, म्हणून दांडी घट्ट लागली होती.

ते शू घेऊन तो गॅरेजवर गेला.

"येळच न्हवता रं," निरंजन मान खाली घालून म्हणाला. "नंतर टाकणारच व्हतो."

"आन माझ्यावर ढकललंस ते?"

"तुला लोक चार दिस बोलत्याल आन इसरत्याल. माझं गॅरेज बसलं असतं."

युनूस तिथून गंगूबाईकडं गेला. प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून ती बसली होती. शू तिच्यापुढं ठेवून त्यानं सगळं सांगितलं.

"तू दांडी वढलीस ते मी पाह्यलं व्हतं, बाबा."

"मग बोलली का न्हाईस, मावशे?"

"निरंजन आमच्या भावकीतला हाय."

तिच्या सुनेनं चहा आणला. त्या घरचा चहा युनूसनं कधी नाकारला नव्हता. त्या दिवशी तो कपाला हात न लावता उठला.

भागीदारी मोडली. युनूस आता दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. निरंजन बाजारात दिसला की लांबूनच हात करतो. युनूस समोरचा रस्ता बघत राहतो.