सायलीचं फॉरेन आणि बाळारामभाऊंचा टॉवेल

शहापूरच्या एसटी स्टँडमागं माझं ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा, पॅन कार्ड, परीक्षेचे फॉर्म, सगळं होतं. लोक आपली झेरॉक्स घेऊन जातात आणि आपली गोष्ट काउंटरवर ठेवून जातात. ती परत न्यायला कोणी येत नाही! अशा माझ्याकडे ढिगानं पडल्यात. पण एकट्या बाळारामभाऊंनी जेवढा माल दिला, तेवढा अख्ख्या तालुक्यानं दिला नसेल.

बाळारामभाऊ किन्हवलीकडचे. भातशेती आणि बैलांचं भारी वेड. म्हसाच्या जत्रेत बैल घ्यायचा असला की चार गावचे लोक यांना सोबत नेतात. त्यांची मुलगी सायली 'नीट' परीक्षा पास झाली, पण सरकारी सीट थोडक्यात हुकली आणि प्रायव्हेटचं नाव काढायची सोय नव्हती. म्हणून फॉरेन! मुलगी तयार, आई तयार. भाऊ दर खेपेला दुकानात यायचे, सगळं बघायचे, पण "जा" हा एक शब्द काही तोंडातून काढत नव्हते.

"बाबा हो बोलल्याशिवाय मी नाय जाणार, ताई," सायलीनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं.

*

कॉलेज निवडायला बसलो. एका कॉलेजचं माहितीपत्रक उघडलं. स्विमिंग पूल, जिम, हॉस्टेल, काचेची बिल्डिंग. सायली खूश, मी खूश.

भाऊ म्हणाले, "जत्रेत आणताना बैल धुतात, शिंगं रंगवतात. ते नको दावू. मागची बाजू दाव."

"कॉलेजची मागची बाजू कुठून आणू हो भाऊ?" मी वैतागले.

"मंग दवाखाना दाव."

सगळी पानं खालीवर केली. पोहायचा तलाव दोनदा होता, दवाखाना एकदाही नाही!

"डाक्टर बनवतात ना तिथं? मंग पेशंट कुठायत?"

मी गुपचूप ते पान बंद केलं.

*

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस गावात गेला. ओळखणारे दोन साक्षीदार लागतील, असं मी भाऊंना सांगून ठेवलं होतं. गावच्या पोरीचं काम म्हणून चौदा जण अंघोळी करून ओट्यावर हजर! त्यात सगळ्यात पुढं गावची सुईण, भागीआजी.

पोलिसानं विचारलं, "आजी, या मुलीला किती वर्षांपासून ओळखता?"

"आवं, हिला मीच काढली! नाळ मी कापली."

"मग जन्मतारीख सांगा बघू."

"तारीख नाय ठावं. भात झोडायला काढलं व्हतं. हिची आय हातातला भारा टाकून घरात पळाली."

पोलिसानं कागदावर बघितलं. नोव्हेंबर! "बरोबर आहे," म्हणाला आणि साक्षीला पहिला अंगठा आजीचाच घेतला.

*

कल्याणला एका एजंटनं हॉलमध्ये सेमिनार ठेवला होता. तिथं भाऊंना आणि सायलीला मीच घेऊन गेले, आता कबूल करते. टाय लावलेला माणूस स्टेजवरून सारखा एकच बोलत होता, "आज बुकिंग केलं तरच सीट, उद्या नाही!"

भाऊ उभे राहिले. "सायेब, गेल्या साली तुमच्याकडनं कोन गेला? एकाचं नाव सांगा. आमी त्याला इचारतो, मंग तुमच्याशी बोलतो."

"काका, तसं नाव देता येत नाही. प्रायव्हसी असते."

"बैलवाला पन नाव देतो हो!"

हॉल हसला. एजंट नाही हसला. मग भाऊंनी खांद्यावरचा टॉवेल काढून आपल्या आणि सायलीच्या हातावर टाकला. बैलबाजारात भाव असा टॉवेलाखाली बोटांनी ठरतो, बाजूच्याला कळू नये म्हणून. या बापलेकीची खूण मात्र स्वतःची. ती सहा वर्षांची असल्यापासून बैल बघताना भाऊ तिला असंच विचारायचे. बोट दाबलं तर घ्यायचा, मूठ मिटली तर पुढं चला!

दोघं उठून सरळ दाराकडे निघाले. मी मागून धावले. "अगं, झालं काय?"

"मूठ, ताई!"

*

पुन्हा कामाला लागलो. परत येऊन इथं डॉक्टरकी करता येईल अशा नियमात बसणारं, सहा वर्षांच्या कोर्सचं जॉर्जियातलं एक कॉलेज सापडलं. तिथं शिकणाऱ्या नाशिकच्या एका मुलीशी भाऊंनी तासभर व्हिडिओ कॉल केला. तिनं दवाखान्याच्या दारातली रांग दाखवली, तेव्हा कुठं यांचं समाधान झालं.

अर्जात लिहायचं होतं, डॉक्टर का व्हायचंय? सायलीनं नेटवरून उतरवून आणलं, "लहानपणापासून मला मानवसेवेची ओढ..." मी कागद फाडला. "खरं काय ते लिही गो!"

तिनं खरं लिहिलं. ती नववीत असताना घरच्या बैलाच्या खांद्याची जखम चिघळली, अळ्या पडल्या. सगळे म्हणाले, हा गेला. हिनं महिनाभर रोज शाळेआधी जखम धुतली. वाचून मी डोक्याला हात लावला. हा मेडिकलचा अर्ज की गुरांच्या दवाखान्याचा?

इंटरव्ह्यू माझ्याच कॉम्प्युटरवर झाला. तिकडच्या मॅडमनी ते वाचलं होतं. त्यांनी इंग्रजीत पहिलाच प्रश्न टाकला, "तुझा पेशंट आता कसा आहे?"

सायली न अडखळता म्हणाली, "मॅडम, सकाळीच ड्युटीवर गेलाय!"

मॅडम इतक्या हसल्या की पुढचा प्रश्न विसरल्या.

*

ऑफर लेटर आलं. शनिवारी पाचपर्यंत सीट घेतल्याचं बटण दाबायचं होतं, नाहीतर सीट गेली. साडेचारला दोघं दुकानात आले. मी चहा मागवला, तो गार झाला. पावणेपाच वाजले. आधार कार्डवाल्या गिऱ्हाइकाला मी उगाच ओरडून बाहेर काढलं.

"भाऊ, बोला की हो काहीतरी!"

"सहा वरसं," भाऊ म्हणाले. "झोडणीला घरात नसंल ती."

सायलीनं त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि दोघांच्या हातावर टाकला. या खेपेला विचारणारी ती होती.

भाऊ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. टॉवेल हलेना. मग जरासा हलला. सायलीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मला बाहेरून काय कळणार, बोट की मूठ?

"अगं, पाच मिनिटं राहिलीत! काय करू सांग!"

सायलीनं डाव्या हातानं माऊस धरला आणि बटण दाबलं. उजवा अजून टॉवेलाखालीच होता.