कोकणात लू लागत नाही

भुताखेतांचे विषय निघाले की मी उठून चहा टाकायला जाते. झाशीत सीपरी बाजारात राहते, इंटर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, आणि मुलींना दर वर्षी बजावते — जे करून बघता येत नाही ते मानू नका. तेव्हा पुढचं वाचून कोणी हसलं तर माझी तक्रार नाही. आमची मराठी हिंदीत घोळलेली आहे, तेवढं सांभाळून घ्या जी.

माझा धाकटा भाऊ प्रशांत. झाशीचा माणूस आणि वेड समुद्राचं, घ्या! गेल्या वर्षी एप्रिलात सुट्टी काढून हर्णैहून दक्षिणेकडे किनाऱ्यानं पायी निघाला, एकटाच. गुहागरच्या पुढे एका लहानशा गावात वाळूतच गेला... हार्ट अटॅक. पोलिसांनी फोनवर सांगितलं, सोबत कोणी नव्हतं.

तेव्हापासून आईचं एकच. भाजी निवडताना मधेच हात थांबवायची — "बेटा, शेवटी कोणी होतं का गं त्याच्याजवळ?" मी काय सांगणार, कपाळ!

म्हणून यंदा मीच त्या वाटेनं चालले. भेटेल त्याला मोबाइलमधला प्रशांतचा फोटो दाखवायचा. लोक फार चांगले हो. दाभोळच्या जेटीवरचा चहावाला म्हणाला, "हे होय! चहा पिऊन मला 'जीते रहो' म्हणाले, जसे काय माझे आजोबा!" एका खानावळीतल्या वहिनींना आठवलं की त्यानं सोलकढी परत परत मागितली होती. ते ऐकून मी तिथेच रडले. त्यांनी मलाही वाढली.

शेवटच्या गावात एक काकू अंगणात कोकमं वाळत घालत होत्या. फोटो बघून त्यांनी हात पदराला पुसले.

"इथेच, त्या सुरूच्या बनात पडला हो. पण तुमचे आजोबा होते की त्याच्याबरोबर."

"कोण आजोबा?"

"अहो, तेच. त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेले. मी पाणी घेऊन धावले, तर त्यांनी खिशातनं कांदा काढला, मुठीनं फोडला नि त्याच्या तळव्यांना चोळायला लागले. म्हणे, पोराला लू लागली आहे. म्हटलं, आजोबा, कोकणात कसली लू! पण ऐकतील तर ना. 'लल्ला, डोळे उघड, लल्ला'... सारखं तेच."

लू म्हणजे आमच्याकडची भाजून काढणारी कोरडी झळ. उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवल्याशिवाय आमच्याकडे कोणी बाहेर पडत नाही. लू लागली की तोच तळव्यांना चोळायचा. समुद्राकाठच्या चिकट हवेत हे असलं कोण करणार? झाशीकडचंच कोणी. आणि आमच्या घरात प्रशांतला लल्ला म्हणणारे एकच होते, आमचे बाबा. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली.

"मग कुठे गेले ते?"

"गाडी आली नि आम्ही सगळे उचलायला धावलो. वाटलं, तेही गाडीत बसले असतील."

असेल हो, आमच्या बाजूचा कोणी मजूर असेल. बुंदेलखंडात कोणाच्याही पोराला लल्ला म्हणतात. बाबांचा फोटोसुद्धा होता मोबाइलमध्ये. दाखवला असता की तिथल्या तिथे निकाल लागला असता. नाही दाखवला. "हे नव्हेत" म्हणाल्या असत्या तर आईला काय सांगायचं होतं मी? प्रयोग टाळणारी केमिस्ट्रीची मास्तरीण... म्हणा काय म्हणायचं ते. याचा उलगडा मला आजही झालेला नाही, आणि तो होऊ नये असंच वाटतं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. खूप रडली. म्हणाली, "एकटा नव्हता माझा पोरगा." मग डोळे पुसत — "वाळू तापली असेल गं... ह्यांच्या पायात काही होतं का?"

ते मी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः ऑटोनं लक्ष्मी गेटला गेली, बाबांच्या मापाची चप्पल घेतली, आणि देवळाबाहेर बसलेल्या एका अनवाणी म्हाताऱ्याला देऊन आली. मी तिला पाणी आणून दिलं. पाणी पिऊन खाटेवर टेकली नि म्हणाली, "आता परतताना तरी पाय पोळायचे नाहीत ह्यांचे."